कोकराचं अल्कलाइन फॉस्फेटेज ४८०, म्हाताऱ्या मेंढीचं ९५: यातलं आजारी कोण?

जत तालुक्यातल्या एका मेंढपाळ दादांनी तीन रिपोर्ट पाठवून प्रश्न विचारलाय. त्यांच्याकडं माडग्याळ जातीच्या ४० मेंढ्या आहेत. दिवसा चराई, संध्याकाळी शेडमध्ये खुराक. गेल्या वर्षी विण्याआधीच्या महिन्यात दोन मेंढ्या बसल्या त्या उठेनात, त्यातली एक गेली. म्हणून यंदा त्यांनी गावाजवळच्या लॅबमधून तिघांचं रक्त तपासून घेतलं. चार महिन्यांच्या नर कोकराचं अल्कलाइन फॉस्फेटेज (हाड रचलं जाताना रक्तात वाढणारं एन्झाइम) ४८० आलं आणि पुढं ठळक अक्षरात 'जास्त' असा शेरा. सहा वर्षांच्या मेंढीचं ९५, शेरा 'नॉर्मल'. सव्वाचार महिन्यांच्या गाभण मेंढीचं कॅल्शियम ८.८, तेही 'नॉर्मल'. आता त्यांना तीन गोष्टी कळून घ्यायच्यात: कोकराची हाडं बिघडलीत का, गाभण मेंढीला कॅल्शियमची काळजी नाही असं धरायचं का, आणि ऑस्टिओकॅल्सिन, सीटीएक्स या हाडांच्या महागड्या तपासण्या पुण्याला पाठवून करायच्या का.

दादा, या तिघांत मला कोकराची काळजी सगळ्यात कमी वाटते आणि गाभण मेंढीची सगळ्यात जास्त. कागदावर नेमकं उलटं छापलंय. माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात मी वीस-बावीस वर्षं मेंढरांचंच काम करतोय, आणि ही गल्लत मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. आकडा खोटा नसतो. पण तो कुणाचा आहे, किती दाताच्या, म्हणजे किती वयाच्या जनावराचा, कितव्या महिन्यातल्या गाभणीचा, हे बाजूला ठेवून वाचला की तो फसवतो. तुमच्या रिपोर्टवर जी 'नॉर्मल' मर्यादा छापली आहे ती मोठ्या माणसांची आहे. वाढत्या पोराचं अल्कलाइन फॉस्फेटेजसुद्धा मोठ्या माणसाच्या दुप्पट-तिप्पट येतं, मग कोकराचं का येणार नाही?

हाड म्हणजे एकदा बांधून झालेली भिंत नव्हे. जिवंत हाडात दोन टोळ्या कायम कामावर असतात. एक टोळी जुनं हाड पोखरून काढते, दुसरी नवं हाड रचते. या कामाचा जो भुगा रक्तात सांडतो, तो आपण मोजतो. रचणाऱ्या पेशी अल्कलाइन फॉस्फेटेज आणि ऑस्टिओकॅल्सिन सोडतात, म्हणून ते वाढले की बांधकाम जोरात आहे असं समजायचं. पोखरणाऱ्या पेशी हाडातलं कोलॅजन तोडतात, त्याचे तुकडे म्हणजे सीटीएक्स. ते वाढले की तोडकाम जोरात. कॅल्शियम आणि फॉस्फरस हा या दोन्ही टोळ्यांचा माल. आणि इथंच लोक चुकतात. रक्तातलं कॅल्शियम बघून हाडात किती शिल्लक आहे ते कळत नाही, कारण शरीर हाड मोडून रक्तातली पातळी राखत असतं.

जरा हिशोब मांडून बघा. ३५ किलोच्या मेंढीच्या अंगात सगळं मिळून चारशे ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. त्यातलं ९९ टक्के हाडात आणि दातात. रक्तात फिरणारं कॅल्शियम एका वेळी पाव ग्रॅमसुद्धा भरत नाही. आणि मेंढीच्या एक लिटर दुधातून साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम बाहेर जातं. म्हणजे रक्तातला सगळा साठा दिवसातून कितीतरी वेळा रिकामा होऊन पुन्हा भरावा लागतो. तो भरतो चाऱ्यातून आणि हाडातून. ही भरपाई काही तास जरी मागं पडली तरी मेंढी बसते. खिशातली नोट बघून पेढीतली शिल्लक सांगता येत नाही, तसं हे आहे.

आता वयानुसार बघू. कोकरू जन्मतं तेव्हा आणि पुढं तीन-चार महिने दोन्ही टोळ्या जोरात असतात. हाड नुसतं लांबत नाही, आकारही बदलतो, त्यामुळं रचणंही जास्त आणि पोखरणंही जास्त. ऑस्टिओकॅल्सिन, सीटीएक्स, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि फॉस्फरस, चारही मोठ्या जनावरापेक्षा वर असतात. माडग्याळ कोकरू तर वाढीला चपळ, त्यामुळं चार महिन्यांच्या नराचं ४८० हा आकडा मला वाढीचा वाटतो. एक सांगतो, पहिल्या दोन-तीन दिवसांच्या कोकराचं रक्त घेऊन या आकड्यांवरून काही ठरवू नका. चीक प्यायल्यावर काही एन्झाइम आईच्या चिकातूनच कोकराच्या रक्तात येतात, यकृताच्या तपासणीत मोजतात ते जीजीटी हे त्याचं ठळक उदाहरण. लॅबवाला 'लिव्हर खराब' म्हणून मोकळा होतो, आणि प्रत्यक्षात कोकरू पोटभर चीक प्यायलंय एवढाच त्याचा अर्थ असतो.

वाढत्या कोकराचं अल्कलाइन फॉस्फेटेज कमी आलं तर मात्र मी थांबतो. जंतांनी पोखरलेलं, आईला दूध नसलेलं, डालग्याखाली उपाशी राहिलेलं कोकरू वाढायचं थांबतं, बांधकाम बंद पडतं आणि आकडा खाली येतो. रिपोर्टवर 'नॉर्मल' छापून येतं, कोकरू मात्र खंगत असतं. उलट मुडदूस असेल तर अल्कलाइन फॉस्फेटेज खूप वर जातं, पण सोबत फॉस्फरस किंवा कॅल्शियम खाली असतं आणि हाताला खुणा लागतात. तुमचं कोकरू पुढं घ्या, गुडघ्याच्या वर-खाली आणि बरगड्यांच्या टोकांवर अंगठा फिरवा. सांध्याजवळ हाड गाठीसारखं जाड लागतंय का, पाय धनुकलीसारखे वाकलेत का, कळपामागं चालताना ते मागं राहून बसतंय का? यातलं काही नसेल तर ४८० विसरून जा. आपल्याकडं उन्हाची कमी नाही, त्यामुळं चरणाऱ्या कोकरात ड जीवनसत्त्वाचा तुटवडा सहसा होत नाही. चोवीस तास पत्र्याखाली कोंडून, नुसत्या मका भरड्यावर वाढवलेल्या कोकरात मात्र हा विचार करावा लागतो. आणि अशी शंका आली म्हणून दुकानातून ड जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आणून टोचू नका. जास्त झालं तर रक्तवाहिन्यांत आणि मूत्रपिंडात चुना बसतो.

दूध तुटल्यावर वाढ मंदावते, तसे आकडे उतरत जातात. दोन दाती मेंढीत ते कोकरापेक्षा बरेच खाली येतात, पण तिचं स्वतःचं वाढणं अजून संपलेलं नसतं. आपल्याकडं पुष्कळदा याच वयात ती गाभण जाते. म्हणजे एकाच घरातून दोन बांधकामं. अशा मेंढीचं अल्कलाइन फॉस्फेटेज जुळलेल्या, म्हणजे सगळे दात पुरे झालेल्या मेंढीपेक्षा जास्त दिसलं तर दचकू नका, पण खुराक देताना तिला म्हाताऱ्यांच्या रेट्यात सोडू नका. दावणीवर मोठ्या मेंढ्या तिला ढकलून देतात.

आता गाभण मेंढी. तुमच्या प्रश्नाचं मर्म इथं आहे. साधारण १५० दिवसांच्या गाभणकाळात पोटातल्या कोकराची हाडं भरतात ती मुख्यतः शेवटच्या सहा आठवड्यांत. तोवर त्याच्या हाडांत कॅल्शियम फारसं भरलेलं नसतं. या सहा आठवड्यांत आईच्या रक्तात सीटीएक्ससारखे पोखरण्याचे निर्देशक चढतात आणि ऑस्टिओकॅल्सिन उतरतं. म्हणजे तोडकाम चालू, बांधकाम थांबलेलं. जुळी असतील तर ओढ आणखी मोठी. हे आजारपण नव्हे, मेंढीचं शरीर अशाच रीतीनं घडलंय. व्यायल्यावर दुधाच्या पहिल्या आठवड्यांतही हाडातून उपसा चालूच राहतो, कितीही चांगलं खायला घातलं तरी. मग दूध उतरायला लागलं की ऑस्टिओकॅल्सिन पुन्हा वर येतं आणि हाडाची भरपाई सुरू होते. म्हणून खनिज मिश्रण नुसतं गाभणपणी घालायचं आणि कोकरं तुटली की बंद करायचं, ही आपल्याकडची पद्धत मला पटत नाही. हाड भरायचे दिवस ते पुढचेच असतात. त्या वेळी भरलं नाही तर पुढच्या विताला मेंढी अर्ध्या साठ्यावर उभी राहते.

गाय बहुधा व्यायल्यावर बसते, मेंढी बहुधा व्यायच्या आधी बसते. गायीच्या अनुभवावरून मेंढरं राखणाऱ्याला हे लक्षात येत नाही, आणि विण्याची वाट बघत तो वेळ घालवतो. निमित्त काय होतं? दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढपाळांचा फिरता तळ, नदीकाठाला निघतो, गाभण मेंढ्या दोन मुक्काम सलग चालतात. किंवा ट्रकमधून नेतात आणि त्या दिवसभर उपाशी राहतात. किंवा पावसात एक दिवस कोंडून राहतात. चाऱ्यातून येणारं कॅल्शियम एक दिवस थांबतं, हाडातून काढायची यंत्रणा तेवढ्या झटपट वेग घेत नाही, आणि पातळी घसरते. सहा दाती, जुळलेल्या, त्याहून म्हाताऱ्या मेंढ्यांत हे जास्त होतं, कारण वय वाढतं तशी दोन्ही टोळ्यांची माणसं कमी होतात. त्यांचं अल्कलाइन फॉस्फेटेज ९५ येतं ते याचमुळं. तुमच्या सहा वर्षांच्या मेंढीचा आकडा तिच्या वयाला बरोबर आहे, पण वेळ आली तर तिच्याकडून हाडातला माल लवकर निघणार नाही, हे तिचं वयच सांगतं.

म्हसवडच्या अलीकडं एका वाड्यावर मला रात्री बोलावलं होतं. मेंढी छातीवर बसलेली, मान पुढं ताणून जमिनीला टेकवलेली, मागचे पाय मागं पसरलेले. नाकातून हिरवट पाणी येत होतं, पोट फुगलेलं, कान गार. वाड्यावरच्या आजी म्हणाल्या, "कालपास्नं ताठून चालत हुती, आज बसली ती उठंना." मोबाईलच्या उजेडात मी आधी रक्त घेतलं, मगच औषध काढलं. कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची बाटली चुलीवरच्या कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी गरम केली आणि छातीवर कान ठेवून, ठोके मोजत, शिरेतून अगदी हळूहळू सोडलं. निम्मं शिरेतून, निम्मं कातडीखाली, सगळं मिळून ८० मिली. पाच-सात मिनिटांत तिच्या खांद्याचे स्नायू थरथरले, मग मोठा ढेकर आला, मग लेंड्या पडल्या. अर्ध्या तासानं ती उठून वाघरीच्या जाळीला अंग घासत उभी होती. दुसऱ्या दिवशी त्या रक्ताचं कॅल्शियम आलं ४.९. औषध दिल्यावर रक्त घेतलं असतं तर आकडा चांगला आला असता आणि निदान हरवलं असतं. हे शिरेतून देण्याचं काम मात्र स्वतः करू नका. घाईनं गेलं तर काळीज जागेवर थांबतं.

आता तुमच्या गाभण मेंढीचं ८.८. माणसाच्या मापात ते नॉर्मल आहे. मेंढीत मी साधारण ९ ते १२ धरतो, म्हणजे ती खालच्या काठाच्याही किंचित खाली उतरली आहे. शेवटच्या आठवड्यांत थोडी घसरण होतेच, त्यामुळं आज घाबरायचं कारण नाही. पण तिच्यासोबतच्या बाकीच्या गाभण मेंढ्यांचं कॅल्शियम किती आहे हे मला माहीत असतं तर मी ठामपणे बोलू शकलो असतो. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, तपासलं नाहीये, तेही बघायला हवं. रक्तातलं जवळजवळ निम्मं कॅल्शियम प्रथिनांना चिकटून असतं. जंतांमुळं रक्त गेलेल्या, जबड्याखाली पाणी उतरलेल्या मेंढीचं अल्ब्युमिन घसरतं आणि एकूण कॅल्शियमचा आकडाही खाली येतो. कामाचं, मोकळं कॅल्शियम तेव्हा ठीक असू शकतं. अशा मेंढीला कॅल्शियमच्या बाटल्या नव्हे, जंताचं औषध लागतं.

नमुन्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण निम्मे वाईट रिपोर्ट मेंढीचे नसतात, नळीचे असतात. खटाव भागात एका कळपातल्या मेंढीचं कॅल्शियम २.१ आणि अल्कलाइन फॉस्फेटेज ११ आलं होतं. मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. मी जाऊन बघतो तर मेंढी रवंथ करत उभी. कॅल्शियम २.१ असलेलं जनावर उभं राहूच शकत नाही. पोटॅशियमचा आकडा बघितला, तो आभाळाला भिडलेला. चौकशी केल्यावर कळलं, रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत पाठवलं होतं. त्या नळीतलं ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन कॅल्शियमला धरून ठेवतं, अल्कलाइन फॉस्फेटेजचं कामही बंद पाडतं, आणि ते स्वतः पोटॅशियमचा क्षार असतं. लॅबनं नळी बघितली नाही, आकडे छापून दिले. त्या धसक्यात मालकानं तोवर दोन मेंढ्या मिळेल त्या भावाला विकल्या होत्या. याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून हाडांसाठी रक्त लाल टोपणाच्या साध्या नळीत घ्या. मानेची लोकर बाजूला करून शीर नीट दिसू द्या, बारीक सुईनं जोरात ओढू नका, नळी हलवू नका. सावलीत उभी ठेवा आणि शक्यतो तास-दोन तासांत सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावर सुटणारं पाणी, वेगळं करून घ्या. सीरम गुलाबी आलं तर रक्तपेशी फुटल्यात, मग फॉस्फरस खोटा वाढलेला येणार. मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर उन्हात फिरलेल्या नमुन्यावर मी विश्वास ठेवत नाही.

याच कारणानं ऑस्टिओकॅल्सिनसाठी तुम्ही पैसे घालू नयेत असं मला वाटतं. ते फार नाजूक प्रथिन आहे. खोलीच्या उष्णतेत तासातासानं तुटत जातं. जतहून बर्फाशिवाय पुण्याला पोचेपर्यंत जे उरेल ते तुमच्या मेंढीचं ऑस्टिओकॅल्सिन नसेल. सीटीएक्स त्यापेक्षा टिकतं, पण दिवसाच्या वेळेनुसार आणि खाण्यानुसार वर-खाली होतं, त्यामुळं एका वेळेच्या एका नमुन्यातून काही हाती लागत नाही. शिवाय माणसासाठी बनवलेलं किट मेंढीवर पडताळलेलं असायला हवं. या तपासण्यांना अर्थ येतो तो एकाच मेंढीला गाभण राहण्यापासून दूध आटेपर्यंत पुन्हा पुन्हा तपासलं तर, आणि ते काम पशुवैद्यक महाविद्यालयात शोभतं. आपल्या जिल्ह्यांना शिरवळचं महाविद्यालय जवळ आहे. माणसांच्या हाडांच्या ठिसूळपणावरच्या संशोधनातही मेंढीचाच वापर होतो, तिथं या निर्देशकांना खरी किंमत आहे. तुम्हाला ४० मेंढ्या सांभाळायच्यात.

मी तुमच्या जागी असतो तर एकट्या मेंढीचं रक्त न घेता एकाच टप्प्यातल्या सहा-आठ मेंढ्यांचं घेतलं असतं, सगळ्यांचं सकाळी चरायला सोडण्याआधी. शेवटच्या महिन्यातल्या वेगळ्या, दुधातल्या वेगळ्या. कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, अल्ब्युमिन, अल्कलाइन फॉस्फेटेज एवढं पुरे. गाभण मेंढ्यांच्या लघवीत कीटोनची (उपाशी अंगात चरबी जळून जे तयार होतं त्याची) पट्टीही बुडवून बघा. जुळी पोटात असताना खाणं कमी पडून होणारा गाभण विषार आणि कॅल्शियमचा तुटवडा लांबून सारखेच दिसतात, पुष्कळदा दोन्ही एकत्रही असतात. फलटणच्या निंबकर संस्थेच्या जुळी देणाऱ्या जातीच्या मेंढ्या ज्यांनी कळपात आणल्यात, त्यांनी तर हे चुकवूच नये. नमुने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडं पाठवता येतात. चिठ्ठीवर दात, गाभणपणाचे दिवस, कितवं वीत, जंताचं औषध कधी दिलं, हे लिहा. त्या चिठ्ठीशिवाय आकडे मुके असतात.

खुराकात काय घालता ते तुम्ही लिहिलं नाही, पण आपल्या पट्ट्यात कारखाने सुरू झाले की उसाचं वाढं भरपूर येतं आणि बरेच जण तेवढ्यावरच भागवतात. वाढ्यातलं ऑक्झलेट चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून टाकतं. त्यावर गव्हाचा कोंडा घातला की फॉस्फरस वाढतो आणि कॅल्शियम तेवढंच राहतं. नरांना याच खाण्यानं मुतखडा होतो. वाढं द्याच, पण निम्म्यावर आणा. सोबत शेवरी, सुबाभूळ, लसूणघास, भुईमुगाचा पाला यातलं जे मिळेल ते द्या, द्विदल पाल्यात कॅल्शियम चांगलं असतं. शंभर किलो धान्य-कोंड्याच्या खुराकात किलो-दीड किलो कॅल्साइट पावडर मिसळा. आणि खनिज मिश्रण गाई-म्हशींचं वापरू नका. त्यात तांबं जास्त असतं, मेंढीच्या यकृतात ते साठत जातं आणि एके दिवशी लाल लघवी करून चांगली मेंढी मरते. पिशवीवर मेंढीसाठी असं लिहिलेलंच घ्या.

तुमच्या सव्वाचार महिन्यांच्या मेंढीला विण्यापर्यंत ट्रकमध्ये चढवू नका, बाजारला नेऊ नका, एक वेळही उपाशी ठेवू नका. ताठून चालायला लागली किंवा कळपातून मागं राहिली, तर बसायची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा आणि औषध देण्याआधी लाल टोपणाच्या नळीत रक्त घ्यायला सांगा. गेल्या वर्षी बसलेल्या दोघींपैकी जी वाचली ती यंदाही गाभण असेल, तर तिचे दात, तिला जुळी होती का आणि ती बसली त्याच्या आदल्या दिवशी कळप कुठं होता, एवढं कळवा. तिच्यासाठी वेगळं सांगावं लागेल.